शोभेची

पहिली आली ती ट्यूबलाइटच्या खोक्यात.
लाखांदूरचा कुरिअरवाला म्हणाला,
"फुटन गा, सांभाळून नेजो."
मी एसटीत वीस किलोमीटर
ती मांडीवर आडवी धरून बसलो,
कोणाचं झोपलेलं पोर धरावं तशी.

मी राइस मिलचा फिटर. पट्टा म्हटलं की
मला मोटारीवरून फिरणारा रबराचाच दिसायचा.
आता भिंतीवर दुसरा आहे: मूठ कोपरापर्यंत,
पातं लवतं, आणि मनगट आत घातलं
की हात आपला राहत नाही.
त्याच्याखाली धोप, सरळ, कमी बोलणारी.
खांडा, टोकाकडे रुंद होत गेलेला.
आणि एक परदेशी, आडव्या परजेची,
पात्यावर कोण्या संताचं नाव, उलट्या अक्षरांत.
कोरणाऱ्यालाही वाचता येत नसावं.

सगळ्या जुन्या घाटाच्या, सगळ्या हल्लीच्या.
एकीनंही काकडी कापली जाणार नाही.

पावसाळ्यात झाडीची हवा लोखंड चाटते.
पहिल्या वर्षी मी जवसाचं तेल लावलं, घरचं म्हणून.
ते वाळून चिकटलं, त्यावर मिलचा कोंडा बसला,
चारही पात्यांना लव फुटल्यासारखी.
आता शिलाई मशीनचं तेल
आणि कौतिकाच्या जुन्या लुगड्याचं फडकं.
ती म्हणाली, "माह्या पायाले भेगा पडल्या,
त्याले नाही कधी तेल लावलं."
लावलं मग. हातात होतं तेच, मशीनचं.
दोन दिवस बोलली नाही.

बिटाचा जमादार आला. कोणीतरी सांगितलं असेल.
अंगठ्यानं एकेक पातं चाचपलं.
"धार नाही काहून?"
नापास पोराबद्दल विचारावं तसं.
सैपाकघरातून आवाज आला,
"या घरात धार फक्त माह्या पावशीले हाय, साहेब.
ते पाहाची हाय का?"
त्यानं चहा घेतला, वहीत लिहिलं:
शोभेची. नग चार.

शोभेची.
रात्री मी तो शब्द या कुशीवरून त्या कुशीवर घेतला.
मला लढायचं नव्हतंच. कोणाशी लढणार,
मालकाशी? त्याच्या बेरिंगचा आवाज बदलला
तर मला झोपेत कळतं.
मला वजन हवं होतं.
मुठीपासून चार बोटांवर तोल.
तीनचारशे वर्षांपूर्वी कोणी तो मोजला,
आणि आजच्या भट्टीवाल्यानं बिघडवला नाही,
एवढंच.

मग मंडईची रात्र. नाटकवाल्यांच्या तलवारी
वडशालाच राहिल्या. पडद्याला अर्धा तास.
घनश्याम नाकाडे, सेनापती, दारात उभा,
मिशी एकाच बाजूनं चिकटलेली:
"भाऊ, एक द्या जी. जीव गेला तरी वापस आणीन."
मी धोप दिली,
आणि पहिल्या रांगेत बसून
नाटक सोडून तिलाच पाहत राहिलो.
तिसऱ्या अंकात, पहाटेच्या तीनला, त्यानं वार केला.
शत्रू वाकला. वार बसला
मंडपाच्या लोखंडी खांबावर.
ठिणगी उडाली. शेकोटीवरचे म्हातारेसुद्धा उठले.

सकाळी दोन्ही तळहातांवर घेऊन आला,
डोळ्यांत काजळ तसंच.
पात्याला धानाच्या दाण्याएवढी खाच.
"भरून देतो, भाऊ."
मी म्हणालो, असू दे, मिलमध्ये ग्राइंडर आहे,
पाच मिनिटांचं काम.

केलं नाही.
आता पाहुणे आले की खांडा राहू देतो,
पट्टा राहू देतो,
आधी त्यांचं बोट त्या खाचेवर नेतो.
विचारतात, "कोणत्या लढाईतली?"
मी सांगतो. गाव, साल, वेळही:
पहाटेचे तीन.
कौतिका आतून खोकते.
पण खोटं आहे, असं म्हणत नाही.